नाव सापडत नाही

"हे बघ, पुन्हा तेच!" आत्याने चष्मा नाकावर नीट बसवला आणि पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचली, "या नावाची साइट सापडली नाही."

शिलाईच्या टेबलावर एका अंगाला मशीन, दुसऱ्या अंगाला कॉम्प्युटर आणि मधे कुणाची तरी अर्धी उसवलेली पँट. आत्याच्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. तिची भाची ठकी दारात उभी राहून चहा ढवळत होती. चहात साखर घालायची ती विसरलीच होती.

"साइटच बंद पडली असेल गं," ठकी म्हणाली.

"बंद कशाला पडेल? मैत्रिणीच्या घरी धडाधड उघडते. आणि आपल्याकडे बातम्या उघडतात, हवामान उघडतं, कापडाचं दुकान उघडतं. लग्न जुळवणारीच तेवढी रुसलीय."

ठकीने घाईने घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

ती साइट का रुसलीय, हे घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं. गेल्या वर्षी रोज संध्याकाळी आत्या ती साइट उघडून हाका मारायची. "ठके, हा बघ, चांगला उंच आहे." "ठके, हा बघ, स्वयंपाक येतो म्हणतोय." शेवटी आत्या शिवलेले कपडे द्यायला बाहेर पडली तेव्हा ठकीने राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून त्या नावाचा बंदोबस्त करून टाकला. आत्या काही दिवस कुरकुरली, मग गप्प झाली. ठकीला वाटलं, पीडा टळली.

आज मात्र आत्याने सरळ हेल्पलाइनला फोन लावला होता. तोही स्पीकरवर.

"मॅडम, तुम्ही साइटचं नाव टाकता ना," फोनवरची मुलगी समजावत होती, "तेव्हा राउटर आधी त्या नावाचा पत्ता विचारतो. पत्ता सांगायला आमचा सर्व्हर असतो. तुमच्याकडे तो काढून दुसराच घातलेला दिसतोय. तो हे नाव दडवतोय."

"आपोआप?"

"नाही मॅडम, कुणीतरी हाताने केल्याशिवाय हे होत नाही. तुमच्या घरात कॉम्प्युटरमधलं कळणारं कोणी आहे का?"

आत्याने सावकाश मान वळवली. "आहे एक. दारात उभी आहे. चहा पितेय."

पलीकडची मुलगी खुदकन हसली आणि लगेच सावरली. "मग त्यांच्याकडूनच करून घ्या, मॅडम."

फोन बंद झाला. ठकीने कप खाली ठेवला आणि एका दमात बोलून टाकलं, "हो, मीच केलं. मला एवढ्यात लग्न करायचं नाहीये आत्या, शंभरदा सांगितलंय तुला. तू ऐकतच नव्हतीस!"

"तुझ्या लग्नाचं कोण बोलतंय?"

"मग?"

आत्या टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळायला लागली. "मैत्रिणीने तिच्या घरी बसून माझं नाव घातलंय तिथे. फोटो, वय, सगळं खरंखुरं. एक जण आहेत, घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी निरोप धाडलाय. रविवारी भेटायचं का, म्हणून. मैत्रीण आता लेकीकडे गेलीय, तिने फोनवर कळवलं. म्हणाली, तुझ्या वतीने मीच उत्तर देते. मी म्हटलं, छे, माझं उत्तर मी देईन."

"रविवार म्हणजे... उद्या?"

"उद्याच."

आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. या खोलीतून मशीन गेलं तर खोली कशी दिसेल, असं एकदम ठकीच्या मनात आलं. तिने ते झटकून टाकलं.

"सरक तिकडे," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

राउटरचा पासवर्ड, मग सेटिंग. तिने स्वतः घातलेला सर्व्हर पुसला, कंपनीचा पुन्हा लावला. राउटरचे दिवे विझले, लुकलुकले, स्थिरावले. आत्याने नाव टाकलं.

साइट सापडली नाही.

"गेलं!" आत्या मटकन बसली ती थेट टेबलावरच्या पँटवर. "त्यांना वाटेल, बाई घमेंडखोर आहे."

"थांब गं. कॉम्प्युटरला जुनंच उत्तर पाठ झालंय. त्याला विसरायला लावते." ठकीने एका काळ्या चौकटीत दोन शब्द टाइप केले. "आता टाक."

पान उघडलं. मैत्रिणीने कळवलेला पासवर्ड आत्याने टाकला. वरच्या कोपऱ्यात आत्याचा फोटो होता. त्यात ती अशी खळखळून हसत होती, की ठकीने चेहरा पडद्याजवळ नेला. फोटोच्या खाली निरोपाचा लाल ठिपका होता.

"अगं आत्या, किती छान आलीयस!"

"तुझ्या उद्योगांचं नंतर बघते मी," आत्या म्हणाली. तिने ठकीला खांदा धरून उठवलं. "आता बाहेर हो. आणि दार ओढून घे."

ठकी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आतून एका बोटाचं टकटक ऐकू यायला लागलं. थांबलं. मग एकच कळ भराभर वाजली, लिहिलेलं सगळं खोडताना वाजते तशी.

"ठके!"

"काय गं?"

"आत येऊ नकोस. 'येईन'मधला 'ई' कुठे असतो, तेवढं सांग."