गाणारा बोकड

जळकोटच्या बब्रुवान आबांनी तुळजाभवानीला बोललेल्या नवसाचा बोकड वर्षभर लाडानं पोसला होता. महिन्याभरानं एका मंगळवारी त्याला तुळजापूरला न्यायचं होतं, पंगतीची आवतनंसुद्धा गेली होती.

तेवढ्यात शाळेच्या गॅदरिंगला सोनालीबाईंनी एका कार्टून सिनेमाचं संगीत नाटक बसवायला घेतलं. त्यातला हिरो म्हणजे गाणारा बोकड. पुठ्ठ्याची शिंगं बांधून सात पोरांनी बें-बें करून पाहिलं, पण बाईंना एकही पटेना. मग आबांची नात अक्षरा घरचा बोकडच घेऊन गेली. त्यानं पेटीच्या सुरावर असा काही गळा काढला, की बाईंनी तिथल्या तिथं त्यालाच हिरो करून टाकलं. गॅदरिंगला त्याच्या गाण्याला वन्समोअर मिळाला अन् पहिल्या रांगेतल्या आबांची छाती फुगली.

सोमवारी आबा म्हणाले, "अक्षरे, बोकड धुऊन ठेव. उद्या देवीला जायचंय."

अक्षरानं शाळेचा शिक्का मारलेला कागद पुढं केला. नाटकाला गावोगावची बोलावणी आली होती. मंगळवारी तेर, गुरुवारी धाराशिव, खाली नुसती प्रयोगांची यादी.

 

"देवीला सांगा आबा, हिरोला मार्चपर्यंत तारीख न्हाय."