भिंतीची ओल

चैत्रातल्या हळदीकुंकवाचं पन्हं करायला वत्सलाने अंगणातल्या बोअरचा नळ सोडला. नळाने नेहमीप्रमाणे पाण्याचा माग काढून नाव सांगितलं, "हे पाणी जमिनीत मुरवलं शेजारच्या अनसूया ढोबळे यांनी."

वत्सला थबकली; हे नाव नळाने पहिल्यांदाच घेतलं होतं. अनसूयाने पावसाचं पाणी जिरवायला भिंतीलगत शोषखड्डा खणला, तेव्हापासून वत्सलाची भिंत ओली राहायची. त्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं आणि कित्येक वर्षं अबोला होता. पण यंदा गावातले बाकीचे बोअर आटले होते, हिचा तेवढा चालू होता.

गावाची रीतच होती, ज्याने पाणी मुरवलं त्याला पहिला पेला. वत्सला पन्हं घेऊन गेली.

अनसूयाने दार उघडलं. पेला पाहून ती हळूच म्हणाली, "भिंतीची ओल गेली का गं?"

"नाही," वत्सला म्हणाली. "देव करो, कधी न जावो."