समोर बघ, बेटा

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तसे रमाकांत फेरी अर्धी टाकून थांबले.

मेळा भरलेला नसला की ग्वाल्हेरचं मेळा मैदान सकाळी मोकळंच असतं. फिरायला येणारे म्हातारे आणि गाडी शिकणारी पोरं, एवढीच वर्दळ. पण ही मुलगी नवशिकी नव्हती. गिअर टाकणारा हात सराईत होता. फक्त गाडी जरा हलली की ती करकचून ब्रेक दाबायची आणि डोळे मिटून घ्यायची.

शेजारी बसलेले साठी उलटलेले गृहस्थ एकदाही आवाज चढवत नव्हते.

"पुन्हा चालू कर. समोर बघ, बेटा."

"नाही जमत, काका."

"जमेल. मी बसलोय ना."

रमाकांतांना बरं वाटलं. त्यांच्या घरीही सगळी भावंडं वडिलांना काकाच म्हणत.

चार दिवसांत ओळख झाली. गृहस्थांचं नाव भालचंद्र. शहरातल्या कंपू भागात राहायचे. एकतीस वर्षं प्रवासी बस चालवली, कधी कुणाला ओरखडा उठू दिला नाही. मुलगी सोनिका, डॉक्टर. भितरवारच्या पुढे एका गावात बाळंतपणाचा छोटा दवाखाना सांभाळायची.

"लेकीला गाडी शिकवताय?" रमाकांतांनी विचारलं.

"शिकवायचं काय, तिला येते," भालचंद्र म्हणाले. "तीन वर्षं हात लावला नव्हता. आता बसने जाते. बस वेळेवर येईल तर शपथ. मागच्या महिन्यात एक बाई दवाखान्याच्या पायरीवरच बाळंत झाली. ही पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाळ राहिलं नाही."

"मग ड्रायव्हर ठेवायचा."

"ठेवला असता. पण भीती तशीच राहिली असती ना."

रोज एक गोष्ट ठरलेली. भालचंद्र आधी दोघांचे फोन बंद करून डिकीत ठेवायचे, मगच किल्ली तिच्या हातात द्यायचे. एक दिवस रमाकांतांनी याचं कारण विचारलं. तिघं चहा घेत बसले होते.

भालचंद्रांनी कप खाली ठेवला. "आमचा अभिराम गेला. सव्वीस वर्षांचा होता. हजीऱ्याच्या चौकात रस्ता ओलांडत होता, दिवसाढवळ्या. गाडी चालवणाऱ्याचं लक्ष फोनमध्ये. एक मेसेज वाचायला किती वेळ लागतो? तेवढाच वेळ लागला."

"असल्या माणसाला जन्मभर आत डांबलं पाहिजे," रमाकांत तडकून म्हणाले. "त्याला आईबाप, भावंडं काही असतील की नाही? कसा जगत असेल तो?"

सोनिका उठली आणि गाडीकडे चालू लागली. रमाकांत ओशाळले. तिच्यासमोर हा विषय वाढवायला नको होता.

"मीही हेच म्हणायचो," भालचंद्र तिच्या पाठीकडे बघत म्हणाले. "दीड वर्ष दुसरं काही बोलतच नव्हतो. पण त्या माणसाने कोर्टात पहिल्याच दिवशी कबूल केलं. चूक आपली, लक्ष फोनमध्ये होतं. वकील गप्प राहा म्हणत होता. तरी सांगितलं. शिक्षा झाली ती निमूट भोगली, अपील नाही केलं."

"म्हणून काय माफ करायचं?"

"ते माझं मला अजून ठाऊक नाही हो," भालचंद्र म्हणाले आणि उठले.

तिसऱ्या आठवड्यात सोनिका मैदानाबाहेर गाडी काढणार होती. भालचंद्रांनी रमाकांतांनाही मागे बसवलं. त्यांचाही फोन डिकीत गेला.

गोला का मंदिर चौकाच्या दिशेने रस्ता सकाळीच गजबजला होता. टेम्पो, रिक्षा, शाळेच्या व्हॅन. सोनिकाच्या कपाळावर घाम होता, पण डोळे उघडे होते. गाडी संथ, सरळ चालली होती. भालचंद्रांनी हात मांडीवर ठेवले होते.

उभ्या ट्रकच्या आडून एक दूधवाला सायकल दामटत एकदम पुढे आला.

रमाकांतांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी उभी होती. सायकल हातभर अंतरावर आडवी, कॅन लोळलेले, रस्त्यावर दूध पसरत होतं.

सोनिका दार उघडून धावली. दूधवाल्याचे दंड धरून पुन्हापुन्हा विचारू लागली, "लगी तो नहीं? सच बताइए, कहीं लगी तो नहीं?"

"अरे नहीं, बिटिया," तो हसत म्हणाला. "गलती हमारी थी. तुमने तो हमसे पहले हमें देख लिया."

ती तिथेच, रस्त्याच्या कडेला, हातांनी तोंड झाकून रडू लागली. दूधवाला गोंधळून तिच्या डोक्यावर थोपटत राहिला. मागची वाहनं हॉर्न वाजवत होती, मग तीही एकेक करून बाजूने निघून गेली.

भालचंद्र काचेतून तिच्याकडे बघत होते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरलेले रमाकांतांना दिसले. आपण काहीतरी फार मोठं पाहिलं, असं त्यांना वाटलं. त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

"भालचंद्रजी, भावाला असं गमावून ही पोर पुन्हा स्टेअरिंगला बसली. असा बाप सगळ्यांना मिळत नाही."

"मी तिचा बाप नाही," भालचंद्र म्हणाले. "अभिरामचा आहे. त्या दिवशी गाडी ही चालवत होती."