कोंबड्यांचा डबा

“आजपण पावाच्या कडाच?” शेजारच्या मावशींनी कुंपणाच्या भिंतीवरून घेतलेला डबा उघडून पाहिला. “नुसत्या पावावर कोंबडी तगते होय रे?”

घड्याळवाला ओशाळला. बायको गेल्यापासून त्याच्या घरातून मावशींच्या कोंबड्यांना दुसरं काही मिळतच नव्हतं. परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला की तो “जेवलो” म्हणायचा आणि पाव चहात बुडवायचा.

“डाळ आणत जा. पालेभाजी आण. मऊ शिजव, मीठ घालू नकोस. एकच एक खाऊन जीव खंगतो.”

मूठभर डाळीसाठी गॅस पेटवायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तरी त्याने पेटवला, आणि पेटवलाच आहे तर त्यातलंच थोडं तिखटमीठ घालून स्वतःही खाऊ लागला. मावशींपुढे नाही म्हणायची कोणाची टाप होती?

पुढच्या आठवड्यात मावशी म्हणाल्या, “एखादं उकडलेलं अंडं आण बाबा.”

“अंडं? कोंबड्यांना?”

“आवडीनं खातात,” म्हणत त्या घाईघाईने वळल्या.

त्या दुपारी घड्याळवाल्याचं कामात लक्ष लागेना. मऊ, अळणी, वर अंडं. मावशींच्या तोंडात दात किती उरलेत, ते त्याला ठाऊक होतं. कोंबड्या मात्र त्याने कित्येक महिन्यांत पाहिल्या नव्हत्या. म्हणजे ती मानी बाई कोंबड्यांच्या नावाने स्वतःचं पोट भरत होती, आणि आपण तिला शिळ्या कडा देत होतो! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून तो मन लावून रांधू लागला. डाळ, पालेभाजी, अंडं, सगळं ताजं. मावशींनी अळणी गिळायचं आणि आपण चमचमीत खायचं, हे त्याला पटेना. मग तोही अळणीच जेवू लागला.

शेवटी त्याला राहवेना. माफी मागावी आणि उद्यापासून माझ्याकडेच जेवायला या, असं सरळ सांगावं, म्हणून तो मागच्या फाटकातून मावशींच्या परसात शिरला.

चार गलेलठ्ठ कोंबड्या त्याच्या सकाळच्या डाळीवर तुटून पडल्या होत्या. मावशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, फोन कानाला.

“दोन्ही वेळा जेवतो गं तुझा बाप आता, अगदी अंडंसुद्धा. पण त्याला काही बोलू नकोस हं, लाजेल बिचारा. कोंबड्यांसाठी म्हटलं म्हणून गॅस पेटवतोय. स्वतःसाठी कुठला शिजवतोय तो!”