वाट सरळच हवी

फक्कीची पांढरी रेघ बांधापर्यंत सरळ आली आणि सोपानराव तिच्या आडवे उभे राहिले.

“हितनं न्हाई. वाईच वळवा.”

योजनेच्या इंजिनिअर योगिनी मॅडम मोजायच्या टेपची डबी धरून थांबल्या. “काका, सकाळी तुम्हीच हो म्हणालात.”

“व्हय म्हनलो. पर हितनं न्हाई.”

हायवेला मेट्रोचं स्टेशन होणार होतं, सोपानरावांच्या रानात घरं, आणि घरातून निघालेला माणूस पायीच स्टेशनात पोचेल अशी झाडांची रुंद वाट. तिन्हीचा निधी एकाच थैलीतला. वाट नाही तर घरांना परवानगी नाही, आणि घरं नाहीत तर स्टेशन पुढच्या गावाला. मॅडमनी ते पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

“आणि वाट सरळच हवी, काका. दारातून स्टेशन दिसलं पाहिजे. वाट वाकली की माणसं चालायचं सोडतात, गाडी काढतात. वळण दाखवलं की वरून नकाशा परत येतो.”

चाकणच्या कंपनीत अर्धी सुट्टी टाकून आलेला कुलदीप टेपचं दुसरं टोक धरून कावला होता. “आबा, काय चाललंय तुमचं?”

“जुनी हीर हाय खाली. खचंल.”

“हीर तिकडं चिंचेखाली होती. तिच्यातच पोहायला शिकलोय मी.”

सोपानरावांनी पागोटं सारखं केलं. “नागोबाचं ठाणं हाय.”

“मग बरंच झालं की! नागोबालाबी मेट्रोनं कामावर जाता येईल.”

पहार घेतलेला गडी खुदकन हसला. मॅडमनाही हसू आवरेना.

चहाची किटली घेऊन आलेली प्राजक्ता, कुलदीपची बायको, तेवढी हसली नाही. लेक तिच्या खांद्यावर झोपली होती. कंपन्यांसाठी निम्मं रान गेलं तेव्हा सासऱ्यांनी एका शब्दावर सही केली होती, असं ती ऐकून होती. हा माणूस खोटं बोलत नसे. म्हणूनच त्याला ते आज धड जमतही नव्हतं.

“हातभर जागेपायी सगळं घालवताय, आबा,” कुलदीपचा आवाज चढला. “ही पोरगी उद्या शाळेला हायवेनंच जाणार का? कंटेनरच्या चाकाजवळनं?”

ते खरं होतं. ती वाट प्राजक्तालाही हवी होती. लेकीला कडेवर घेऊन हायवेच्या कडेनं जाताना शेजारून कंटेनर गेला, की नुसत्या वाऱ्यानंच ती हेलपाटायची.

सोपानराव रेघेवरून हलले नाहीत.

“घाल रे पहार,” कुलदीप गड्याला म्हणाला.

गड्यानं पहार उचलली. आणि सोपानराव खाली बसले. तिथंच, त्या रेघेवर, मांडी घालून. उचललेली पहार तशीच वर राहिली.

“आबा!”

त्यांनी कुणाकडंच पाहिलं नाही. गुडघ्याशेजारच्या मातीवर त्यांचा उजवा हात पडला होता. तो हळूहळू हलायला लागला. उचलून टेकत होता, उचलून टेकत होता. त्यांचं त्यांनाही भान नव्हतं.

प्राजक्तानं तो हात पाहिला. तिचाही हात खांद्यावरच्या लेकीच्या पाठीवर त्याच लयीत पडत होता. म्हातारा मातीला थोपटत होता.

तिनं किटली खाली ठेवली.

या लेकीच्या आधी तिला मुलगा झाला होता. बारशाच्या आतच गेला. नाव ठेवायचंही राहिलं. तिची स्वतःचीच धडगत नव्हती, म्हणून कुलदीप दवाखान्यात थांबला आणि दुपट्यात गुंडाळून सासरेच त्याला एकटे घेऊन गेले. कुठं, ते बाईमाणसानं विचारायचं नसतं. तरी तिनं विचारलं होतं. “इंद्रायणीकाठी,” एवढंच त्यांनी सांगितलं. तेव्हापासून आळंदीला जाताना बस पुलावर आली, की ती खिडकीतून हात जोडायची. इतकी वर्षं, नुसत्या पाण्याला.

ती पुढं आली आणि सासऱ्यांच्या समोर खाली बसली. बसताना तिनं मातीचा तेवढा तुकडा चुकवला.

“मामा,” ती म्हणाली, “डोकं कुणीकडं केलंय?”

सोपानरावांचा हात थांबला. कुलदीपच्या बोटांतून टेप सुटली आणि सरसरत डबीत गेली.

“घराकडं,” म्हातारा म्हणाला. मग मान वर न करताच म्हणाला, “येता-जाता तुझ्या नजरंला पडलं असतं, पोरी. म्हनून नदी सांगितली.”

हायवेची घरघर तेवढी ऐकू येत होती. गड्यानं पहार आवाज न करता बांधावर आडवी ठेवली. मॅडमनी एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं, एकदा प्राजक्ताकडं. मग त्या वाकल्या.

“वहिनी, रेघ पुसू?”

प्राजक्तानं लेकीला खांद्यावर नीट घेतलं.

“नको, वाट होऊ द्या. लोकांना चालायला पाहिजेच. फक्त जरा पायांकडनं न्या,” ती म्हणाली. “उशाशी वर्दळ नको.”