मार्चमधला झेंडू

"वाफा रिकामा आहे," ग्रॅम टली म्हणाला आणि त्याने कागदावर फुली मारली.

"पेरलेला आहे," थेल्मा पास्को म्हणाली. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावाच्या सामाईक बागेतला हा वाफा ती एकोणीस वर्षं कसत होती. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या थेल्माकडे याखेरीज मातीचं ढेकूळही नव्हतं.

ग्रॅम बागसमितीचा नवा अध्यक्ष. फेब्रुवारीत निवडून आला, मार्चमध्ये त्याने नियम छापून आणला: पाहणीत दोनदा रिकामा दिसलेला वाफा काढून दुसऱ्याला द्यायचा.

"मला तर काही दिसत नाही."

"बी मातीखाली असतं, ग्रॅम. शाळेत सांगितलं असेल."

"काय पेरलंय?"

"कुंपणाच्या तारेच्या कडेने स्वीट पीच्या फुलवेली. सतरा मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी. या गावात सगळे त्याच दिवशी पेरतात. मधल्या जागेत पॉपीची फुलं. ऑक्टोबरात, वसंत आला की ये बघायला."

"ऑक्टोबर? दुसरी पाहणी पुढच्या सोमवारी आहे. बागेच्या पत्रकात फोटो छापायचेत. तुम्ही झेंडू लावा ना. माझ्या बायकोने लावलाय, कसा भरगच्च दिसतो!"

"मार्चमध्ये झेंडू!" शेजारच्या वाफ्यातून केव्ह खिदळला. "हिवाळा तोंडावर आलाय. पहिलं हिम पडू दे, काळाठिक्कर होईल."

"झेंडू नोव्हेंबरात पेरतात. घोड्यांची मोठी शर्यत झाली की," थेल्मा म्हणाली. "पण बायकोला सांगू नकोस. दुकानातली फुललेली रोपं रोवणाऱ्याला महिना कशाला बघावा लागतो?"

ग्रॅमचे कान लाल झाले. "सोमवारी रंग दिसला नाही, तर वाफा गेला."

सोमवारी वाफा झेंडूने भरला होता. केशरी, पिवळा, पुन्हा केशरी, सरळ ओळीत. ग्रॅम कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"बघा! मनावर घेतलं की होतं."

फोटोसाठी तो तार ओलांडून आत आला. तारेलगत परवाच स्वीट पीचे कोंब वर आले होते, नखाएवढे. त्याचा बूट त्यांच्यावर पडला.

"पाय काढ," थेल्मा म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. "तण उपटत जा हो वेळच्या वेळी." मग त्याने तीन फोटो काढले आणि कागदावर बरोबरची खूण केली. "वाफा तुमचाच. फक्त पाणी घाला, पानांवर धूळ बसलीय."

केव्हने तोंड उघडलं. थेल्माने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. त्याने ते मिटलं.

तिने झारी उचलली आणि ग्रॅमच्या डोळ्यांदेखत एकेका झेंडूवर पाणी धरलं. ते प्लॅस्टिकच्या पाकळ्यांवरून घरंगळलं आणि खाली पॉपीच्या मातीत मुरलं.

"आता कसं!" ग्रॅम म्हणाला.