बिगूल झाल्यावर

"शाळा कशी होती?" मेस्त्रीनं विचारलं.

"बरी होती," मुलगी म्हणाली.

"आणि बाई?"

"त्याही बऱ्या आहेत."

संपलं बोलणं. मुलगी ट्रंकेवर बसून वहीच्या कोपऱ्याला घड्या घालत राहिली. मेस्त्रीनं उगाच दिव्याचं बटण दोनदा खालीवर करून पाहिलं. छावणीतल्या गाड्या दुरुस्त करणारा हा माणूस बंद पडलेल्या ट्रकशीसुद्धा तासभर बडबडायचा, पण पोटच्या पोरीपुढं त्याची जीभ रेटेना.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "फोनवर दोघं आवरता आवरत नव्हतात. आता काय, जिभा ट्रंकेतच राहिल्या का?"

मुलगी कसनुसं हसली. मेस्त्रीही हसला. मग पुन्हा तेच.

छावणीत घर मिळावं म्हणून त्यानं साहेबाच्या कचेरीचे उंबरठे झिजवले होते. पोरगी बापावाचून वाढतेय, हे एकच पालुपद त्यानं लावलं होतं. अखेर घर मिळालं. मायलेकींना आजीकडून इथं आणून आता महिना होत आला होता. फोनवर तो तिला टकळी म्हणायचा, कारण एकदा सुरू झाली की तिची टकळी थांबायची नाही. इथं मात्र तो दारात दिसला की ती खुर्ची सोडून उठायची आणि पुसून त्याला द्यायची. पाहुणा आल्यावर करतात तसं. त्याला ते फार लागायचं, पण तक्रार तरी काय करणार? पोरगी मान देत होती.

"दोरीवरचे कपडे काढून आणतो," म्हणत तो मागच्या अंगणात गेला.

पलीकडं एकाला एक चिकटून तशीच पिवळी घरं होती, तशाच दोऱ्या, तशीच वाळत घातलेली खाकी. आपलं घर कोणतं, हे दारावरच्या नंबरावरून ओळखायचं. त्यानं दोन चिमटे काढले, तेवढ्यात मैदानावर संध्याकाळचा बिगूल झाला. झेंडा उतरत असणार. मेस्त्री जागच्या जागी ताठ उभा राहिला, आणि बिगूल संपताच त्याचा हात आपसूक खिशात गेला. त्या दोघी इथं येईपर्यंत, इतकी वर्षं, बिगूल झाला की घरी फोन, हा नेम त्यानं मोडला नव्हता. बोटांनी नंबर लावलासुद्धा.

घरात घंटी वाजली तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बायको ऐकेल तर आठवडाभर हसेल. तो फोन कापणार, इतक्यात पलीकडून आवाज आला.

"बाबा!"

पहिल्याच घंटीला. म्हणजे फोन तिच्या हातातच होता.

मेस्त्रीनं खिडकीतून पाहिलं. ती ट्रंकेवरच होती. तिनं वळून बघितलं नाही, उलट पाठ आणखी नीट खिडकीकडं केली.

"काय गं टकळे," तो हळूच म्हणाला. "काय झालं आज?"

"आज ना, गणिताच्या बाईंचा चष्मा फळ्यामागं पडला, तो काढायला सगळा वर्ग उठला. आणि बाबा, इथल्या मुली ना, नाव विचारायच्या आधी विचारतात, तुम्ही इथं किती दिवस आहात? मी म्हटलं, माहीत नाही. तर एक म्हणाली, मग कळल्यावर सांग, तेव्हा ठरवू मैत्री करायची का ते."

"अगं, मग?"

"मग काय? मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीमागं बसते. तिथं सावली असते."

सकाळीच शाळेच्या भिंतीलगत तो ट्रकचं चाक बदलत होता. टाकी तिथून दिसत होती. त्यानं मान वर करून बघितलंही नव्हतं.

"हे मला बोलली नाहीस कधी," तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात बायको हातातला डाव तसाच धरून उभी होती. तिनं लेकीकडं पाहिलं, खिडकीबाहेर नवऱ्याकडं पाहिलं, आणि आत जाऊन गॅस बारीक केला.

"बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही. सांग."

"आपलं तिकडंच बरं होतं. दिवसभर जे होईल ते मी तुमच्यासाठी साठवून ठेवायची. फोन आला की सगळं सांगायची. आता तुम्ही घरीच असता. मग सांगू कुणाला?"

तिची शाळा तोडली, मैत्रिणी तोडल्या, आजीच्या कुशीतून तिला उठवून आणलं, आणि या सगळ्याच्या बदल्यात तिचा बापही काढून घेतला. आपण मोठी चूक केली, असं त्याला वाटलं. ती दुरुस्त कशी करायची, ते मात्र सुचेना.

"उद्याही करतो फोन," तो म्हणाला. "बिगूल झाल्यावर."

"नक्की?"

"नक्की."

"ठेवते मग. आई वाढेल आता." आणि मग रोज फोन ठेवताना विचारायची तसंच तिनं विचारलं, "बाबा, घरी कधी येणार?"

"येतो गं," रोजच्यासारखंच त्याच्या तोंडून गेलं. "लवकरच."

फोन बंद झाला. कपडे खांद्यावर टाकून मेस्त्री अंगणात तसाच उभा राहिला. दार उघडंच होतं.